अन्नसुरक्षेचा धडा : दोन मिनिटांचा ॲनिमेशनपट कसा तयार करावा?



सामाजिक कार्य म्हटले की पंगत आलीच. जयंती असो, वर्षावासाची सांगता असो किंवा वसतिगृहातील रोजचे जेवण असो, शे-दोनशे माणसांचा स्वयंपाक आपल्याच माता-भगिनी व तरुण कार्यकर्ते करीत असतात. कष्टाला ते कमी पडत नाहीत. परंतु अन्न बिघडते कसे, हे त्यांना कोणी समजावून सांगितलेले नसते. घरातील चूक घरापुरती राहते. पंगतीतील चूक मात्र एकाच वेळी शेकडो पोटांत जाते. जुलै 2013 मध्ये बिहारच्या सारण जिल्ह्यातील एका शाळेत माध्यान्ह भोजनातून विषबाधा होऊन 23 मुले दगावली. त्या अन्नात कीटकनाशक आढळले होते. स्वयंपाकघराचे शिक्षण हा जीवनमरणाचा विषय आहे, तो असा.

जागतिक आरोग्य संघटनेने 2001 मध्ये सुरक्षित अन्नाची पाच सूत्रे प्रसिद्ध केली : स्वच्छता राखा, कच्चे व शिजलेले वेगळे ठेवा, अन्न पूर्ण शिजवा, ते योग्य तापमानात ठेवा, पाणी व कच्चा माल सुरक्षित वापरा. ही सूत्रे भिंतीवर लावून भागत नाही. ती पटली पाहिजेत. त्यासाठी छोटा ॲनिमेशनपट हे उत्तम साधन होय.

ॲनिमेशनच का?

रोगजंतू डोळ्यांना दिसत नाहीत, आणि साध्या कॅमेऱ्यालाही स्वयंपाकघरातील जंतू टिपता येत नाहीत. चित्राला ते जमते. दादासाहेब फाळके यांनी 1912 च्या सुमारास वाटाण्याच्या रोपाची वाढ थोड्या थोड्या अंतराने टिपून पडद्यावर दाखविली होती. डोळ्यांना न जाणवणारी गोष्ट डोळ्यांसमोर आणणे, हेच आपलेही काम आहे.

एक पट, एक संदेश

पाचही सूत्रे दोन मिनिटांत कोंबू नयेत. आपण उदाहरणादाखल भात घेऊ. सकाळी 9 वाजता भाताचा टोप उतरविला. पाहुणे उशिरा आले, भाषणे लांबली आणि पंगत 2 वाजता बसली. हा अनुभव कोणाला नाही?

भातात बॅसिलस सिरियस नावाच्या जंतूचे बीजाणू असू शकतात. ते शिजवूनही टिकतात. भात कोमट होऊन तसाच राहिला की त्यांतून जंतू वाढतात व विष तयार करतात. त्यातील उलट्या घडविणारे विष भात पुन्हा गरम केल्यानेही नष्ट होत नाही. वास व चव मात्र चांगलीच असू शकते. 5 ते 60 अंश सेल्सियस ही धोक्याची पट्टी आहे. शिजलेले अन्न बाहेर दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नये. "गरम केले की झाले" हा समज खोडून काढणे, एवढेच या पटाचे उद्दिष्ट.

चित्रांची आखणी

कागदावर आठ चौकोन आखा. प्रत्येकात एक प्रसंग काढा : टोप उतरला, भिंतीवरचे घड्याळ पुढे सरकले, वाफ थांबली, भाताच्या शितावर बीजाणू उघडला, एकाचे अनेक झाले, टोप पुन्हा चुलीवर चढला, जंतू मेले, पण विषाचे लाल ठिपके तसेच राहिले. आठव्या चौकोनात उपाय दाखवा : भात पंगतीच्या वेळी टप्प्याटप्प्याने शिजवा, वाढेपर्यंत वाफाळता ठेवा. उरलेला भात परातीत पातळ पसरून लवकर गार करा व फ्रिजमध्ये ठेवा. फ्रिज नसेल तर ठेवूच नका.

निवेदन बोलीभाषेत असावे. दोन मिनिटांत सावकाश बोललेले सुमारे दोनशे शब्द मावतात. स्वयंपाक करणाऱ्या मावशींना अडाणी दाखवू नये. उपाय त्यांच्याच तोंडी द्यावा. ज्याचा अपमान होतो, तो शिकत नाही.

प्रत्यक्ष कृती

सेकंदाला 12 चित्रे धरली तर दोन मिनिटांना 1440 चित्रे लागतात. ती सर्व काढण्याची गरज नाही. पुठ्ठ्याची पात्रे कापा, हात सुटे ठेवा, मोबाईल स्टँडवर पक्का बसवा आणि तुकडे किंचित सरकवीत एकेक फोटो घ्या. प्रकाश बदलू देऊ नका. फोटो जोडण्याची ॲप्स मोबाईलवर मिळतात. आवाज आधी ध्वनिमुद्रित केला तर चित्रांचा वेळ ठरविणे सोपे जाते.

पट तयार झाल्यावर तो प्रथम स्वयंपाक करणाऱ्यांनाच दाखवा. "आवडला का?" असे विचारू नका. "उद्या भात किती वाजता शिजवाल?" असे विचारा. उत्तर बदलले असेल तरच पट यशस्वी झाला, असे आम्ही मानतो.

स्वाध्याय

1. भात पुन्हा गरम करणे पुरेसे का नाही, ते चार वाक्यांत सांगा.
2. कोंबडी कापलेल्या विळीवरच काकडी चिरली, या प्रसंगावर आठ चौकोनांची आखणी करा.
3. कीटकनाशकाचा रिकामा डबा खाद्यतेलासाठी कधीही वापरू नये, यावर एक मिनिटाचे निवेदन लिहा.