अलार्म वाजला की बंद झाला? 'गो ऑफ'चा धडा



गेल्या वर्षीची गोष्ट. रात्री साडेदहाच्या सुमारास पुंगोलच्या घरी मी ओटा आवरत होते. फोनवर एका सहकाऱ्याचा निरोप आला : 'फ्रीझर अलार्म वेन्ट ऑफ.' मी 'ओके, थँक्स' असं उत्तर दिलं आणि झोपून गेले. दुपारपासून तो अलार्म उगाचच कुरकुरत होता, त्यामुळे मला वाटलं, चला, बंद झाला एकदाचा.

सकाळी जाऊन पाहते तर उणे ८० अंशांचा फ्रीझर उणे ९ वर आलेला. आत माझे चार महिन्यांचे आरएनएचे नमुने होते. आरएनए हा फार नाजूक रेणू. तापमान चढलं की त्याचे तुकडे व्हायला वेळ लागत नाही. तपासल्यावर बहुतेक नमुने वाया गेलेले निघाले. सहकारी त्या रात्री बाहेर होता. त्याच्या फोनवर आलेली सूचना त्याने तत्परतेने मला कळवली होती आणि त्याचं इंग्रजीही बिनचूक होतं. अलार्म 'वेन्ट ऑफ' म्हणजे अलार्म वाजला!

आता माझा गोंधळ का झाला ते बघू. सिंगापुरात 'ऑफ द लाइट', 'ऑन द एअरकॉन' असं सर्रास बोललं जातं. ऑफ म्हणजे बंद, हे कानात पक्कं बसलेलं असतं. शिवाय दिवे 'गो ऑफ' झाले तर ते खरोखरच बंद होतात. मग अलार्मच का वाजतो?

'गो ऑफ' कुठे कुठे भेटतं?

१. अलार्म, भोंगा : वाजणे. पर्याय : रिंग, साउंड.
२. बंदूक, बॉम्ब, फटाका : उडणे, फुटणे. पर्याय : बंदुकीसाठी फायर, बॉम्बसाठी एक्स्प्लोड.
३. दिवे, हीटर : बंद होणे, जाणे. पर्याय : स्टॉप वर्किंग.
४. दूध, मासळी : नासणे, खराब होणे. पर्याय : स्पॉइल.
५. माणूस : निघून जाणे. पर्याय : लीव्ह.
६. 'आय हॅव गॉन ऑफ कॉफी' : कॉफीवरून मन उडालं. हा प्रयोग मुख्यतः ब्रिटिश वळणाचा. पर्याय : स्टॉप लायकिंग.
७. कार्यक्रम 'वेन्ट ऑफ वेल' : नीट पार पडला.

क्रियापद तेच, पण कर्ता बदलला की अर्थ बदलतो. म्हणून 'गो ऑफ'चा अर्थ सुटा पाठ करून भागत नाही. काय 'गो ऑफ' झालं, हे आधी पाहावं लागतं.

या सगळ्यांचं मूळ एकच

'ऑफ' आणि 'ऑफ द बुक'मधला षष्ठीचा 'ऑव्ह' हे जुन्या इंग्रजीत एकच शब्द होते. अर्थ होता 'पासून, दूर'. दोघांची वाटणी सतराव्या शतकापर्यंत पुरी झाली. हा 'दूर' लक्षात ठेवला की कोडं बरंचसं सुटतं. बंदुकीतून गोळी दूर जाते. जुन्या गजराच्या घड्याळात चावी दिलेली स्प्रिंग एका खटक्याने अडवलेली असते. वेळ झाली की खटका बाजूला होतो, स्प्रिंग मोकळी होते आणि घंटा वाजते. दिव्याचा विजेशी संबंध तुटतो, तो प्रवाहापासून दूर होतो. दूध आपल्या चांगल्या अवस्थेपासून दूर जातं.

मराठीत याला जवळचं क्रियापद आहे 'सुटणे'. वारा सुटला, घाम सुटला : सुरू झालं. शाळा सुटली : संपली. गाडी सुटली : निघाली. गोळी सुटली : उडाली. दारू सुटली : सवय गेली. सुरू होणं आणि संपणं हे परस्परविरोधी अर्थ एकाच क्रियापदात आहेत, आणि आपल्याला ते कधी खटकतही नाहीत! अडकलेलं काहीतरी मोकळं झालं, हा त्या सगळ्यांतला समान धागा. मी आता 'गो ऑफ' ऐकलं की मनात आधी 'सुटलं' म्हणते आणि मग काय सुटलं ते शोधते. अलार्मचा खटका सुटला की अलार्म वाजणारच.

नेहमीच्या शब्दांनाच इतके अर्थ का?

अमेरिकन भाषाशास्त्रज्ञ जॉर्ज किंग्सली झिफ याने १९४५ मध्ये एक नियम मांडला. शब्दाच्या अर्थांची संख्या ही साधारणपणे त्याच्या वापराच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असते. म्हणजे एखादा शब्द १०० पट जास्त वापरात असेल, तर त्याचे अर्थ सुमारे १० पट जास्त. 'गो' आणि 'ऑफ' हे दोन्ही शब्द रोज राबणारे, त्यामुळे त्यांच्या जोडीवर अर्थांचा भार पडला यात नवल नाही. प्रत्येक अर्थाला नवा शब्द घडवण्यापेक्षा हाताशी असलेले शब्द वापरणं भाषेला परवडतं. बाकीचं काम संदर्भ करतो. माझ्या फोनवरच्या चार शब्दांना मात्र संदर्भच नव्हता.

संदर्भ अपुरा पडतो तेव्हा

माझे चार महिने गेले. इतरत्र याची किंमत फार मोठी ठरली आहे. २७ मार्च १९७७ रोजी टेनेरिफ बेटावरच्या विमानतळावर दाट धुक्यात केएलएम आणि पॅन ॲम यांची दोन जंबो विमानं धावपट्टीवर एकमेकांवर आदळली. ५८३ माणसं गेली. त्याआधी काही क्षण केएलएमच्या वैमानिकांकडून 'आम्ही आता ॲट टेक-ऑफ' अशा अर्थाचा संदेश गेला होता. विमानाने धाव घ्यायला सुरुवात केली होती. नियंत्रकाला वाटलं, ते उड्डाणाच्या जागी थांबून परवानगीची वाट पाहत आहे. अपघाताला इतरही कारणं होती : धुकं, घाई, एकाच वेळी झालेल्या बोलण्यामुळे बुजलेला रेडिओ. पण या दुर्घटनेनंतर रेडिओवरच्या बोलण्याचे नियम कडक झाले. 'टेक-ऑफ' हा शब्द उड्डाणाची परवानगी देताना किंवा ती रद्द करतानाच वापरायचा, एरवी 'डिपार्चर' म्हणायचं.

आमच्या गटानेही तेवढंच केलं. आता निरोप असा येतो : 'अलार्म इज रिंगिंग, मायनस ६०, प्लीज कम.' काय घडतंय, आकडा किती आणि समोरच्याने काय करायचं, तिन्ही गोष्टी त्यात आल्या. तुमच्या कामाच्या ठिकाणीही घाईचा निरोप लिहाल, तेव्हा अशा जोडक्रियापदाऐवजी एकच अर्थ असलेला शब्द शोधा. वाचणारा कुठल्या देशातलं इंग्रजी कानात घेऊन बसला आहे, ते आपल्याला ठाऊक नसतं.

जाता जाता एक गृहपाठ. परदेशात वाढणाऱ्या आपल्या मुलांना 'लागणे' समजावून सांगा : भूक लागली, आग लागली, निकाल लागला, ठेच लागली, चष्मा लागला. मग इंग्रजी शिकताना आपली किती दमछाक झाली, ते त्यांच्या चेहऱ्यावरून कळेल!