फुलांच्या दरीतील एक दिवस



उत्तराखंडच्या चमोली जिल्ह्यात 'व्हॅली ऑफ फ्लॉवर्स' हे राष्ट्रीय उद्यान आहे. एका ऑगस्ट महिन्यात आमच्यापैकी काही कुटुंबांना तिथे जाण्याचा योग आला. गोविंदघाटाहून पुलना गाठायचे आणि तिथून पायी चढून घांघरियाला जायचे. मुक्काम घांघरियातच करावा लागतो, कारण उद्यानात रात्री राहण्यास परवानगी नाही. सकाळी आत जावे आणि दिवस मावळण्यापूर्वी बाहेर यावे, असा नियम आहे.

भोजपत्राची झाडे मागे पडली आणि समोर विस्तीर्ण कुरण दिसले. गढवालात याला बुग्याल म्हणतात. उंची सुमारे ३,५०० मीटर, दोन्ही बाजूंना डोंगर, खाली पुष्पावती नदी आणि जिकडे पाहावे तिकडे फुले. एरवी गोंगाट करणारी मुलेही गप्प झाली.

एवढ्यात आमच्यातील एका भगिनीने मरियामातेच्या वेदीसाठी म्हणून एका फुलाला हात घातला. हेतू चांगलाच होता. पण वाटाड्याने नम्रपणे थांबवले. तो म्हणाला, "ताई, वर्षातले काही महिने इथे बर्फ असते. उरलेल्या दिवसांत या झाडाला फुलायचे आणि बीही धरायचे असते. फूल नेलेत तर बी कुठून येणार?" आम्ही ओशाळलो.

ही शांतता आपोआप टिकलेली नाही. १९३१ साली कामेट शिखर सर करून परतताना गिर्यारोहक फ्रँक स्माइथ या दरीत आले. त्यांच्या १९३८ सालच्या पुस्तकामुळे ती जगाला ठाऊक झाली. १९८२ साली ती राष्ट्रीय उद्यान झाली आणि २००५ साली तिला जागतिक वारसा स्थळाचा मान मिळाला. गुरे-मेंढ्यांची चराई थांबली. तरी पॉलिगोनम नावाचे तण माजते आणि नाजूक रोपांना झाकून टाकते, म्हणून वनखाते ते उपटून काढत असते. केवळ कुंपण घालून बाग राखली जात नाही, खपावे लागते.

दरीत पुढे एक कबर आहे. जोन मार्गारेट लेग या ब्रिटिश बाई वनस्पतींचा अभ्यास करायला आल्या होत्या. १९३९ साली फुले गोळा करताना कड्यावरून घसरून त्यांचा मृत्यू झाला. नंतर त्यांच्या बहिणीने तिथे येऊन स्मृतिशिला बसवली. तिच्यावर १२१ व्या स्तोत्रातील वचन कोरले आहे. डोंगरांकडे पाहणारा यात्रेकरू त्या स्तोत्रात आपले साहाय्य डोंगरांच्या निर्मात्याकडे शोधतो. आम्ही तिथे उभे राहून मृतांसाठी प्रार्थना म्हटली. घरापासून हजारो मैल दूर असलेल्या त्या कबरीपाशी आम्हाला ती परकी वाटली नाही.

उत्पत्तीच्या दुसऱ्या अध्यायात परमेश्वर माणसाला बागेत ठेवतो, ते तिची मशागत आणि राखण करण्यासाठी (२:१५). मालकी त्याचीच राहते; आपण पाहुणे आणि राखणदार. संध्याकाळी रिकाम्या हातांनी दरीबाहेर पडताना हा धडा आम्हाला नव्याने उमगला.

हिमालय दूर आहे, पण चर्चचे आवार आणि दफनभूमी आपल्या दाराशी आहे. सणाच्या दुसऱ्या दिवशी तिथे पडलेले प्लॅस्टिकचे पेले कोण उचलतो?

चिंतनासाठी:
१. चांगल्या हेतूने आपण निसर्गाकडून काय ओरबाडतो?
२. या आठवड्यात कोणती एक जागा आपण कुटुंबासह स्वच्छ करू?