तांब्यापासून बिबट्यापर्यंत

चि. भाचीस,


तुझी तक्रार मामापर्यंत पोचली. फोटोग्राफीच्या अभ्यासक्रमात आधी टेबलावरच्या बाटल्या आणि तांबे, मग पोर्ट्रेट, मग इमारती, मग डॉक्युमेंटरी आणि वाइल्डलाइफ अगदी शेवटी. तुला जायचंय जंगलात, आणि सर थर्माकोलचे तुकडे उभे करायला लावतात. आपल्या कामाचं तेवढं मन लावून करावं, बाकीचं मार्कांपुरतं उरकावं, असं तू आईला म्हणालीस. हे पत्र त्यासाठीच लिहिलं आहे. यातलं काहीही उरकू नकोस.

नयन खानोलकर यांचं बिबट्याचं छायाचित्र तू पाहिलं असशील. ‘वाइल्डलाइफ फोटोग्राफर ऑफ द इयर’ या स्पर्धेत २०१६ साली शहरी विभागात ते पहिलं आलं. मुंबईतल्या आरे कॉलनीत, संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाला लागून असलेल्या वारली वस्तीतला एक अरुंद बोळ, दोन्ही बाजूंना घरं, आणि रात्री त्या बोळातून निघालेला बिबट्या. हे चित्र कसं तयार झालं ते नीट बघ. खानोलकरांनी आधी वस्तीतल्या लोकांना आपला बेत समजावून सांगितला आणि त्यांचा होकार मिळवला. मग बोळात फ्लॅश लावले, तेही असे की बोळात एरवी रात्री जसा उजेड असतो तसाच तो वाटावा. कॅमेरा अशा जागी ठेवला की बिबट्या आला तरी त्याने सगळी चौकट व्यापू नये, घरं आणि बोळही तितकेच दिसावेत. मनासारखी चौकट मिळायला चार महिने लागले.

आता यातला वाइल्डलाइफचा भाग किती, ते मोज. प्रकाशाची मांडणी तुझ्या टेबलावरच्या वर्गातली आहे. भिंती आणि बोळ चौकटीत बसवणं इमारतींच्या वर्गातलं आहे. वस्तीचा विश्वास मिळवणं डॉक्युमेंटरीचं. बिबट्या अगदी शेवटी आला, आणि आला तेव्हा सगळं तयार होतं. जो फक्त बिबट्याच्या मागे धावला असता, त्याला हे चित्र कधीच मिळालं नसतं.

म्हणून त्या तांब्याकडे परत ये. स्टीलच्या तांब्याचा फोटो काढणं किती अवघड आहे, हे पहिल्याच दिवशी कळतं. समोरून दिवा लावला की तांब्यावर एक पांढरा डाग उमटतो, आणि त्याच्या पोटात खिडकी, पंखा, कॅमेरा, काढणाऱ्याचा चेहरा असं सगळं दिसू लागतं. चकचकीत धातू आरशासारखा वागतो. त्याच्यावर उजेड टाकून भागत नाही. त्याला जे ‘दिसतं’ ते उजळावं लागतं. म्हणून तांब्याभोवती थर्माकोलचे पांढरे तक्ते उभे करून त्या तक्त्यांवर दिवा मारायचा. मग तांब्याची गोलाई हळूहळू वर येते, आणि कडेला एक काळा कागद धरला की तिला धार चढते. काचेच्या बाटलीचं शास्त्र वेगळं. तिच्यामागची पांढरी पार्श्वभूमी उजळली की बाटलीच्या कडा काळ्या रेषांनी आखल्यासारख्या दिसतात. पार्श्वभूमी काळी ठेवून बाजूंनी उजेड दिला की त्याच कडा चमकतात. हे हाताला एकदा बसलं की पावसाने भिजलेलं पान, पाण्यातून वर आलेलं सुसरीचं डोकं किंवा पाणकावळ्याचे ओले पंख बघताना तुला नेमकं कळेल की उजेड कुठून यायला हवा आणि त्यासाठी आपण कुठे उभं राहायला हवं.

या वर्गात आणखी एक गोष्ट पक्की करून घे. कॅमेऱ्यातला प्रकाशमापक समोरचं सगळं जग मध्यम करडं आहे असं धरून चालतो. त्यामुळे आषाढीच्या वाटेवरच्या वारकऱ्यांचे पांढरेशुभ्र सदरे मळकट करडे येतात, आणि चिखलात बसलेली काळीभोर म्हैस फिकट पडते. पांढऱ्यासाठी एक्स्पोजर वाढवायचं, काळ्यासाठी कमी करायचं. ऐकायला हे उलटं वाटतं. पांढऱ्या कागदावर अंडं आणि काळ्या कापडावर कोळसा ठेवून एक दुपार घालवलीस की ते आयुष्यभर चुकणार नाही. वारीत किंवा जंगलात हा हिशेब करायला वेळ मिळत नाही.

पोर्ट्रेटच्या सत्रात गौतम राजाध्यक्षांची छायाचित्रं समोर ठेव. रसायनशास्त्र शिकलेला हा माणूस ‘लिंटास’ या जाहिरातसंस्थेत कामाला लागला, आणि १९८०च्या सुमारास कलावंतांची छायाचित्रं काढू लागला. त्यांच्या चित्रांत चेहऱ्यावर उजेड सावकाश पसरत जातो, आणि ओळखीच्या चेहऱ्यातही पूर्वी न दिसलेलं काहीतरी सापडतं. तुझ्या वर्गातला सराव त्याच दिशेचा आहे. खिडकीजवळ बसलेल्या आजीला खिडकीपासून एक मीटरवर ठेवून बघ आणि नंतर दोन मीटरवर. छोट्या दिव्याच्या बाबतीत अंतर दुप्पट झालं की उजेड चौथाई होतो. मोठ्या खिडकीचा उजेड इतक्या झपाट्याने कमी होत नाही. हा फरक स्वतःच्या डोळ्यांनी बघ. दुसरी गोष्ट नाकाची. वाइड लेन्स घेऊन अगदी जवळ गेलं की नाक मोठं आणि कान छोटे दिसतात. तो दोष लेन्सचा नाही, जवळिकीचा आहे. चार पावलं मागे सरकलीस की चेहरा जागेवर येतो. माणसाला बोलतं कसं ठेवायचं हे मात्र पुस्तकात मिळणार नाही. आजीशीच बोल.

इमारतींचं सत्र छोटं आहे, आणि तिथे शिकायचं ते मुख्यतः घड्याळाकडून. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसची दर्शनी बाजू पश्चिमेकडे आहे. सकाळी ती सावलीत असते, दुपार कलली की दगडावरचं कोरीवकाम उठून दिसतं. कॅमेरा वर तिरका केला की भिंती मागे कलल्यासारख्या दिसतात, म्हणून समोरच्या एखाद्या मजल्यावरून कॅमेरा सरळ धरता येतो का ते बघ. सूर्य कुठून येणार हे आदल्या दिवशी ठरवून ठेवायची सवय तुला पुढे पाणवठ्यावर उपयोगी पडेल.

डॉक्युमेंटरीबद्दल मात्र जरा थांबून लिहायला हवं. तुझ्या वयाची मुलं या सत्राला सगळ्यात हलकं समजतात. रस्त्यावर जायचं, गरीब माणसं टिपायची, चित्रं कृष्णधवल करायची, झालं काम. मामाला याचा मनापासून राग आहे.

डिसेंबर १९८४ मध्ये भोपाळमध्ये विषारी वायूने बळी घेतलेल्या एका लहान मुलाचं दफन रघू राय आणि पाब्लो बार्थोलोम्यू या दोघांनी टिपलं. मूल तेच, माती तीच. रघू रायांचं चित्र कृष्णधवल, बार्थोलोम्यूंचं रंगीत. बार्थोलोम्यूंच्या चित्राला ‘वर्ल्ड प्रेस फोटो ऑफ द इयर’चा मान मिळाला. दोन्ही चित्रं शेजारी ठेवून बघ. कृष्णधवलमध्ये माती आणि चेहरा जवळपास एकाच रंगाचे होतात, आणि नजर त्या मुलाच्या डोळ्यांवरून हलत नाही. रंगीत चित्रात मातीचा खरा रंग दिसतो, आणि हे कालपरवा इथेच घडलं आहे असं वाटतं. शैली निवडणं म्हणजे काय, हे यापेक्षा स्पष्ट कुठे दिसणार? रंग असावेत की नसावेत हा निर्णय समोरच्या माणसाबद्दल आपल्याला काय सांगायचंय त्यावरून होतो. एडिटिंग ॲपमधलं एक बटण दाबून तो होत नाही. गंभीर छायाचित्रण कृष्णधवलच असतं असं मानण्याच्या काळात रघुवीर सिंह आयुष्यभर रंगात काम करत राहिले, कारण त्यांच्या दृष्टीने रंगाशिवाय भारत दाखवणं अपुरं होतं.

आणि परवानगीचा प्रश्न. १९४६ साली मार्गारेट बर्क-व्हाइट या अमेरिकन छायाचित्रकार गांधीजींचं चरख्याबरोबर चित्र काढायला आल्या, तेव्हा त्यांना आधी सूत कातायला शिकायला सांगण्यात आलं. त्या शिकल्या, मग चित्र काढलं. सुधारक ओलवे यांनी मुंबई महापालिकेच्या सफाई कामगारांचं काम वर्षानुवर्षं टिपलं. त्या चित्रांतला माणूस गटारात उतरलेला असला तरी दयेची वस्तू होत नाही. ओलव्यांना २०१६ मध्ये पद्मश्री मिळाली. तू भाजी मंडईत किंवा बांधकामावर जाशील, तेव्हा पहिल्या दिवशी कॅमेरा पिशवीत ठेव. नाव विचार, काम समजून घे. काढलेला फोटो नेऊन दे. नाही म्हणाले तर परत फीर.

दयानिता सिंग अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत शिकत होत्या तेव्हा वर्गातल्या कामासाठी तबलावादक झाकिर हुसेन यांची छायाचित्रं काढायला गेल्या. पुढे त्या अनेक हिवाळे त्यांच्या दौऱ्यांत सोबत हिंडल्या, आणि १९८६ साली त्यातून पुस्तक झालं. २०२२ मध्ये दयानितांना छायाचित्रणासाठीचा हॅसलब्लाड पुरस्कार मिळाला. या वाटचालीची सुरुवात विद्यार्थिदशेतल्या कामापासून आहे, हे लक्षात घे. वर्गात दिलेलं काम किती लांब न्यायचं हे नेणाऱ्यावर असतं.

मुंबईत हे शिक्षण नवं नाही. डागेअरच्या छायाचित्रण-पद्धतीची घोषणा १८३९ सालची, आणि १८५५ साली एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये फोटोग्राफीचा वर्ग सुरू झालासुद्धा. त्या वर्गात शिकलेले हरिश्चंद्र चिंतामण पुढे मुंबईचे नामवंत व्यावसायिक छायाचित्रकार झाले. होमाई व्यारावाला जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये चित्रकला शिकल्या आणि कॅमेरा पुढे त्यांचे पती झालेल्या माणेकशॉ व्यारावाला यांच्याकडून. सुरुवातीला त्यांची छायाचित्रं माणेकशॉ यांच्या नावाने छापून यायची. पुढे त्याच होमाई भारताच्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार म्हणून ओळखल्या गेल्या, आणि २०११ साली त्यांना पद्मविभूषण मिळालं. त्यांच्या वृत्तछायाचित्रांतली मांडणी बघ. गर्दीतही माणसं नेमक्या जागी उभी वाटतात. ती शिस्त चित्रकलेच्या वर्गातली आहे.

वाइल्डलाइफचं सत्र येईल तेव्हा एवढंच: घरट्याजवळ जाऊ नकोस, आणि आमिष टाकून काढलेल्या फोटोचं कौतुक करू नकोस.

तोपर्यंत एक काम कर. प्रत्येक सत्रात निवडलेला एकच फोटो पाठवू नकोस. त्या दिवशी काढलेले सगळे फोटो, फसलेलेही, एका पानावर छोटे छोटे लावून पाठव, आणि प्रत्येकाखाली उजेड कुठून होता ते लिही. सरांनाही तेच पान दाखव. सुट्टीत मुंबईला आलीस की एनसीपीएमधल्या पिरामल गॅलरीत जाऊ. तिथे छायाचित्रांची प्रदर्शनं भरतात, आणि मोठ्या प्रिंटसमोर उभं राहून बघण्यात आणि मोबाइलवर बघण्यात किती अंतर आहे ते तुझं तुलाच दिसेल. तांब्याचे फोटो येत्या रविवारपर्यंत पाठव.

तुझा,
मामा