घरच्या संगणकाची सुरक्षा-दुरुस्ती : ती केव्हा करावी?

छपराचे एखादे कौल फुटले आहे हे एकदा ध्यानात आले, म्हणजे शहाणा गृहस्थ पाऊस पडण्याची वाट पाहत बसत नाही. परंतु खाली चूल पेटलेली आहे, पंगत बसली आहे, अशा वेळी तो शिडी लावून छपरावरही चढत नाही. घरच्या संगणकाच्या बाबतीत नेमका हाच विवेक ठेवावा लागतो. दुरुस्ती लांबणीवर टाकणे जितके चुकीचे, तितकेच ती भलत्या वेळी करणेही चुकीचे होय.

हा प्रश्न शिक्षकाच्या दृष्टीने केवळ घरगुती नाही. निकालपत्रके, यू-डायसची माहिती, शिष्यवृत्तीच्या याद्या इत्यादी कामे अनेक शिक्षक रात्री घरच्या संगणकावर पुरी करतात. त्यामुळे मुलांच्या जन्मतारखा, आधार क्रमांक आणि बँकखात्यांचे क्रमांक त्या संगणकात साठतात. पालकांनी विश्वासाने दिलेली ही ठेव आहे. ती परक्याच्या हाती गेली अथवा नष्ट झाली, तर तोटा एकट्या शिक्षकाचा होत नाही.

दुरुस्ती म्हणजे काय?

विंडोजसारखी संचालन-प्रणाली कोट्यवधी ओळींची असते. तीत काही दोष राहून जातात. त्यांतील काही दोषांतून परक्याला आत शिरता येते. असा दोष बुजविण्यासाठी निर्माते जो नवा भाग पाठवितात, त्याला सुरक्षा-दुरुस्ती अथवा ‘सिक्युरिटी अपडेट’ म्हणतात. मायक्रोसॉफ्ट कंपनी २००३ सालापासून प्रत्येक महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी अशा दुरुस्त्या प्रसिद्ध करते. अमेरिकेतील सकाळ ही आपल्याकडील रात्र असल्यामुळे बहुतेकांना ती सूचना बुधवारी दिसते.

विलंबाचा हिशेब

दुरुस्ती प्रसिद्ध झाली म्हणजे धोका टळला, असा समज होणे स्वाभाविक आहे. वस्तुस्थिती उलट आहे. जुना भाग आणि नवा भाग शेजारी ठेवून तुलना केली, की दोष कोठे होता हे जाणकार चोराला कळते. दुरुस्ती ही एक प्रकारे दोषाची जाहीर दवंडीच असते. ज्याने ती बसविली तो सुरक्षित होतो. ज्याने बसविली नाही, त्याचा धोका त्या दिवसापासून वाढतो.

इतिहासातील तारखाच याची साक्ष देतात. १६ जुलै २००३ रोजी एक दुरुस्ती प्रसिद्ध झाली आणि ११ ऑगस्टला ‘ब्लास्टर’ हा उपद्रव पसरला. मध्ये अवघे २६ दिवस गेले. २३ ऑक्टोबर २००८ रोजी निघालेल्या दुरुस्तीनंतर ‘कॉनफिकर’ नोव्हेंबरमध्येच प्रकट झाला. १४ मार्च २०१७ रोजी दुरुस्ती उपलब्ध झाली होती. १२ मे रोजी ‘वॉनाक्राय’ने दीडशेहून अधिक देशांतील दोन लाखांवर संगणकांतील कागदपत्रे कुलूपबंद करून खंडणी मागितली. येथे ५९ दिवसांची सवड मिळाली होती. तरीही इंग्लंडच्या राष्ट्रीय आरोग्य सेवेच्या २३६ न्यासांपैकी किमान ८० न्यासांचे काम विस्कळीत झाले आणि हजारो रुग्णांच्या ठरलेल्या भेटी रद्द कराव्या लागल्या. औषध दाराशी आले होते. ते घेण्याचे राहून गेले होते.

घाईचा दोष

याचा अर्थ प्रत्येक सूचना दिसताच कळ दाबावी असा नव्हे. ऑक्टोबर २०१८ मध्ये विंडोज १० ची मोठी नवी आवृत्ती निघाली आणि ती बसविल्यावर काही लोकांची स्वतःची कागदपत्रेच पुसली गेली. कंपनीने तिचे वितरण थांबविले आणि १३ नोव्हेंबरला सुधारलेली आवृत्ती पुन्हा दिली. ज्यांनी काही आठवडे धीर धरला, त्यांचे काहीच बिघडले नाही.

मात्र ही दुरुस्ती नव्हती, नवी आवृत्ती होती, हा भेद शिक्षकाने ध्यानी घ्यावा. फुटके कौल बदलणे निराळे आणि घरावर नवा मजला चढविणे निराळे. नव्या मजल्याला थांबता येते. फुटक्या कौलाला थांबता येत नाही.

निर्णयाची रीत

१. चोरांनी ज्या दोषाचा उपयोग आधीच सुरू केला आहे असे जाहीर होते, त्याची दुरुस्ती त्याच दिवशी करावी.

२. दर महिन्याची नेहमीची सुरक्षा-दुरुस्ती त्याच आठवड्यात करावी. बुधवारी सूचना दिसली, तर सकाळची शाळा आटोपल्यावर शनिवारची दुपार याला सोयीची. तीन दिवसांच्या अवधीत दुरुस्तीतच काही खोट असेल, तर तीही बहुधा उघड होते.

३. नवी आवृत्ती काही आठवड्यांनी, शक्यतो सुट्टीत बसवावी. निकालाच्या आदल्या रात्री तिला हात लावू नये.

४. ज्या प्रणालीला दुरुस्त्या मिळणेच बंद झाले आहे, तिच्या बाबतीत ‘केव्हा’ हा प्रश्नच उरत नाही. विंडोज ७ ची मुदत १४ जानेवारी २०२० रोजी आणि विंडोज १० ची नियमित मुदत १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली. मुदत उलटलेल्या संगणकावर मुलांची माहिती ठेवू नये.

पूर्वतयारी

प्रथम महत्त्वाच्या कागदपत्रांची प्रत पेनड्राइव्हवर घ्यावी आणि ती काढून वेगळी ठेवावी. जोडलेली राहिली तर खंडणीखोर प्रणाली तीही कुलूपबंद करते. वीज जाण्याची वेळ टाळावी. लॅपटॉप असल्यास तो पूर्ण भारित करून चार्जर लावून ठेवावा. भ्रमणध्वनीच्या इंटरनेटवर काम चालत असेल, तर विंडोज कधीकधी डाउनलोड रोखून धरते. म्हणून सेटिंगमध्ये जाऊन स्वतः तपासावे. दुरुस्ती उतरवून घेतली म्हणजे ती बसली असे नव्हे. पुष्कळदा संगणक रीस्टार्ट होईपर्यंत दोष उघडाच राहतो. ‘नंतर आठवण करा’ ही कळ दाबण्याची सवय येथेच घात करते.

शेवटची सूचना : एखादे संकेतस्थळ पाहत असता ‘आपला संगणक ताबडतोब अपडेट करा’ असा फलक झळकला, तर त्यावर विश्वास ठेवू नये. खरी दुरुस्ती संगणकाच्या स्वतःच्या सेटिंगमधूनच घ्यावी.

हजेरीपट शाळा सुटल्यावर कपाटात ठेवून कुलूप लावणे शिक्षकाच्या अंगवळणी पडलेले असते. त्याला त्याची कोणी आठवण करून द्यावी लागत नाही. महिन्याचा तो एक शनिवारही तसाच अंगवळणी पडावा.

केंद्रसभेत चर्चेसाठी प्रश्न

१. दुरुस्ती प्रसिद्ध झाल्यानंतर धोका का वाढतो?
२. वार्षिक निकालाच्या आठवड्यात सुरक्षा-दुरुस्ती आणि नवी आवृत्ती या दोहोंची सूचना एकदम आली, तर काय करावे? कारणे द्या.
३. आपल्या घरच्या संगणकात विद्यार्थ्यांची कोणती माहिती आहे, याची यादी करा. त्यांपैकी कोणती तेथे ठेवण्याची मुळीच गरज नाही?