गिटार घेताना नाव शेवटी वाचा

नारायणगावात तमाशाच्या राहुट्या लागल्या, यात्राकमिट्या सुपारी द्यायला येऊ लागल्या, की जुन्नर-आंबेगावातल्या वादकांचा हंगाम जवळ आला. फडात आता ढोलकीच्या जोडीला ऑक्टोपॅड, कीबोर्ड आणि इलेक्ट्रिक गिटारही दिसते. मी ऑर्केस्ट्रात गिटार वाजवतो. कोणती गिटार चांगली, यावर आमच्यात कायम दोन तट. एकजण म्हणतो, फेंडर-गिब्सन सोडून बाकी सगळं लाकूड. दुसरा म्हणतो, हात चांगला तर कुठलीही वाजते. दोघांचंही अर्धंच खरं आहे. मला हे २२ हजार रुपये मोजल्यावर कळलं.

नामांकित कंपनीची, जुनी, एकदम ओरिजिनल, असं विकणाऱ्याने सांगितलं होतं. छोट्या अँपवर ती गोडही वाजली. मंचरकडच्या एका यात्रेत जनरेटरवर लावली, तर गाण्यापेक्षा घरघर मोठी. वरच्या फ्रेटवर सूर चढे, कीबोर्डशी जुळेना. कारागिराने उघडून दाखवली : नाव मागाहून चिकटवलेलं, पिकअप भलतेच, नेक वाकलेली.

म्हणून जुनी गिटार घेताना आधी नेक पाहा. पहिल्या आणि शेवटच्या फ्रेटवर एकाच वेळी तार दाबा. मधे जाडसर कागदाएवढी फट असावी. जास्त असेल तर नेकमधला ट्रस रॉड फिरवून ती कमी होते. रॉडच अडकला असेल तर ती गिटार सोडून द्या.

मग सूर तपासा. नव्या तारा लावून बाराव्या फ्रेटवर तार दाबून वाजवा, तिथलाच हार्मोनिक काढा; ट्यूनरवर दोन्ही सारखे यायला हवेत. थोडा फरक ब्रिजवरचं सॅडल सरकवून जातो. सॅडल टोकाला नेऊनही फरक उरला, तर दोष मोठा आहे.

तिसरी गोष्ट पिकअप. सिंगल कॉइल विजेची ५० हर्ट्झची घरघर पकडतं. हंबकरमध्ये उलटसुलट जोडलेली दोन कॉइल्स ती घरघर एकमेकांत मारून टाकतात. गिब्सनच्या सेथ लव्हर यांनी १९५५ मध्ये ते घडवलं. जनरेटर, हॅलोजन आणि लांबच लांब वायरी असलेल्या आपल्या स्टेजवर हंबकरच सोयीचं.

अर्थिंगबाबत मात्र कुणाची भीड ठेवू नका. ते अँपमधून थेट गिटारच्या तारांपर्यंत येतं. ते बिघडलेलं असेल, तर हात तारांवर असताना माइकला ओठ लागला की करंट बसतो, जीवही जाऊ शकतो. कार्यक्रमाआधी टेस्टर लावून घ्या, यात्राकमिटी घाई करत असली तरी.

बजेट कमी असेल तर स्क्वायर आणि एपिफोन हे फेंडर-गिब्सनचेच स्वस्तातले ब्रँड आहेत. सरळ तेच घ्या आणि सेटअपसाठी वेगळे पैसे राखा. चांगला सेटअप केलेली साधी गिटार यात्रेत रात्रभर साथ देते. आणि जो विकणारा मोठ्या अँपवर, पूर्ण आवाजात गिटार वाजवून पाहू देत नाही, त्याच्याशी भाव करत बसू नका.