गोधडीकरितां शिवणयंत्र कसें निवडावें?

गोधडी हें आपल्याकडील घरांचें फार जुनें धन होय. जुनें लुगडें, विटलेलें धोतर, मुलांचे आंखूड झालेले सदरे, ह्यांतलें कांहींएक वायां न दवडितां गृहिणी त्यांचे थर एकावर एक पसरते आणि धांवदोरा घालून थंडीच्या दिवसांचें पांघरूण सिद्ध करिते. आतां पुष्कळ गांवीं भगिनी हेंच काम यंत्रावर करूं इच्छितात. कित्येक ठिकाणीं स्त्रियांचे बचत गट गोधड्या विकून चार पैसे मिळवूं पाहतात. अशा वेळीं यंत्र कोणतें घ्यावें, हा प्रश्न गांवांतील उपदेशकास किंवा शिक्षकास विचारण्यांत येतो. सांठविलेला पैसा एकदां अयोग्य यंत्रांत गुंतला म्हणजे तो सहसा पुरता परत येत नाहीं. म्हणून ह्या विषयाचा आज आपण नीट विचार करूं.

शिवणयंत्र ही कांहीं नवी वस्तु नव्हे. अमेरिकेंत एलियास हाऊ ह्यानें १८४६ सालीं आणि आयझॅक सिंगर ह्यानें १८५१ सालीं आपापल्या यंत्राचा हक्क नोंदविला. पुढें आपल्या देशांतहि तें खेड्यापाड्यांपर्यंत पोंचलें. यंत्रांविषयीं साशंक असणाऱ्या गांधीजींनींहि १९२४ सालीं एका संभाषणांत सिंगरच्या यंत्रास अपवाद मानिलें. कारण गृहिणीचे निष्कारण कष्ट वाचवावे ह्या प्रेमळ हेतूनें तें निर्माण झालें, असें ते समजत. यंत्राचा उपयोग मोठा खरा. परंतु सदरा शिवण्यास जें यंत्र उत्तम, तेंच गोधडीसहि उत्तम असेल असें मात्र नाहीं.

ह्याचें कारण समजण्यास यंत्राचें कार्य थोडें पाहिलें पाहिजे. हातशिलाईंत दोरा एकच असतो. यंत्रांत दोन असतात. यंत्राच्या सुईचें नेढें टोंकाजवळ असतें. सुई वरचा दोरा घेऊन कापडाखालीं उतरते, आणि वर परतूं लागतांच त्या दोऱ्याचा लहानसा फांसा होतो. तेथें असलेला धोटा त्या फांशांत खालच्या बॉबिनचा दोरा अडकवितो, आणि दोन्ही दोरे थरांच्या मध्यभागीं एकमेकांस घट्ट धरितात. आतां थर फार जाड असले कीं सुई वांकते, फांसा नीट होत नाहीं व टांका सुटतो. ही पहिली अडचण. दुसरी अशी कीं, कापड सरकविणारे दांते केवळ खालच्या थरास धरून ओढितात; वरचा थर, ज्या धातूच्या पायास शिंपी फूट म्हणतात, त्याच्याखालीं अडून राहतो. त्यामुळें थर एकमेकांवरून सरकतात आणि गोधडीस चुण्या पडतात. जें यंत्र ह्या दोन अडचणींस पुरून उरेल, तेंच आपल्या कामाचें.

बाजारांत यंत्रांचे चार मुख्य प्रकार दिसतात. हातानें फिरविण्याच्या यंत्रांत एक हात चाकावर गुंततो. जड गोधडी सांवरण्यास एकच हात उरतो, म्हणून तें ह्या कामास सोयीचें नाहीं. पायानें चालविण्याच्या यंत्रांत दोन्ही हात मोकळे राहतात, वीज लागत नाहीं, आणि गति आपल्या पायाच्या स्वाधीन असते. त्याचें डोकें ओतीव लोखंडाचें असल्यामुळें तें जड कामांत हालत नाहीं. तें सरळ टांका तेवढा घालितें. परंतु गोधडीस ह्याहून अधिक कशाची गरज आहे? विजेचीं हलकीं घरगुती यंत्रें नाना तऱ्हेची नक्षी काढितात. पण त्यांपैकीं पुष्कळ बारीक कापडासाठीं केलेलीं असतात, आणि जाड थरांवर फार वेळ चालविल्यास त्यांची मोटार तापते. कारखान्यांतील यंत्र बळकट खरें, परंतु त्याचा वेग नवशिक्या हातास आवरत नाहीं. ह्यास्तव खेड्यांतील साध्या गोधडीकामास पायाचें चांगलें यंत्र आम्हांस सर्वांत हितावह वाटतें.

तथापि कोणाच्याहि शब्दावर, आमच्याहि, यंत्र घेऊं नये. दुकानीं जातांना आपल्या गोधडीचाच एक हातभर लांब पट्टा बरोबर न्यावा. त्यांत नेहमींइतकेच थर असावे, सर्व थरांचीं टोंकें सारखीं कापलेलीं असावीं, आणि एका ठिकाणीं कांठाची जाड घडी असावी. प्रथम फूट उचलून तो पट्टा आंत सहज जातो कीं नाहीं, हें पाहावें. मग चाक हातानें फिरवून त्या जाड घडीवर दहा टांके घालावे. सुई अडली किंवा वांकली तर तेथेंच थांबावें. नंतर सर्व पट्टा शिवावा आणि तो उलटून पाहावा. वरचा व खालचा टांका सारखा आहे काय? एखादा टांका सुटला आहे काय? शेवटीं टोंकें जुळवून पाहावीं. वरचा थर किती पुढें सरकला, तेवढा त्या यंत्राचा दोष किंवा त्याच्या जुळणीचा दोष समजावा. फुटाचा दाब थोडा सैल करून पुन्हां शिवावें. तरीहि थर सरकल्यास, वरच्या थरासहि ओढणारा दांतेरी फूट त्या यंत्रास बसतो काय, हें विचारावें. थर आधीं कच्च्या टांक्यांनीं टांचून घेतल्यास हा दोष पुष्कळ कमी होतो.

सुईकडेहि लक्ष असावें. सुईवर ९०/१४, १००/१६ असे आंकडे असतात. त्यांतील पहिला आंकडा सुईची जाडी मिलिमीटरच्या शतांशांत सांगतो. म्हणजे १०० ची सुई एक मिलिमीटर जाड. गोधडीस बहुधा ९० ते १०० ची सुई पुरते. थर फार असल्यास ११० ची घ्यावी.

सुई व यंत्राचा खांब ह्यांच्यामधली जागा पाहण्यास विसरूं नये. तेथूनच गोधडीची गुंडाळी जावयाची असते. शिलाईस मध्यभागीं आरंभ करून कांठाकडे जावें, आणि एक बाजू झाल्यावर गोधडी फिरवून दुसरी धरावी. म्हणजे अर्ध्याहून अधिक गुंडाळी त्या जागेंतून कधींच न्यावी लागत नाहीं. जुनें यंत्र घ्यावयाचें असल्यास दांते झिजले आहेत काय, सुईचा दांडा हातानें हालवितां डगमगतो काय, आणि त्याच्या सुया व बॉबिन जवळच्या बाजारांत मिळतात काय, ह्या तीन गोष्टी पाहाव्या. काळा रंग उडालेला असला तरी चिंता नाहीं.

आतां एक गोष्ट आवर्जून सांगावयाची आहे. यंत्राचा टांका दाट घातल्यास गोधडी ताठ होते, आणि झिजलेलें लुगडें त्या छिद्रांच्या रेषेवर फाटूं लागतें. म्हणून जुन्या कापडावर एका इंचांत सात-आठ टांके पुरेत, आणि दोन शिवणींमध्यें दोन-तीन बोटांचें अंतर ठेवावें. हातच्या धांवदोऱ्याचा मऊपणा यंत्रास साधत नाहीं. गोधडी पारखून घेणारीं गिऱ्हाइकें तोच हात पाहून किंमत देतात. यास्तव विक्रीच्या गोधडीचे तुकडे जोडणें व कांठ शिवणें यंत्रावर करावें, आणि मधली शिलाई हातानेंच घालावी, हें पुष्कळदां फायद्याचें ठरतें.

शेवटीं पैशाची गोष्ट. सिंगर कंपनीनें १८५० नंतरच्या दशकांतच हप्त्यांनीं यंत्रें विकण्याची पद्धत सुरू केली. तीमुळें गरिबांच्या घरीं यंत्र आलें हें खरें. पण हप्ता ठरल्या दिवशीं द्यावाच लागतो, गोधडी विकली जावो अथवा न जावो. म्हणून वर्षांत किती गोधड्या होतील व त्यांतून काय उरेल, हें आधीं कागदावर मांडावें. घरापुरत्या दोनच गोधड्या होत असतील तर सुई-दोरा पुरे आहे. अधिक होत असतील तर तिघीचौघींनीं मिळून एक यंत्र घ्यावें, आणि पाळ्या ठरवून वापरावें.

असो. दुकानदार यंत्राची चकाकी दाखवील, नक्षीचे प्रकार मोजून दाखवील. आमच्या भगिनींनीं शांतपणें आपला पट्टा पुढें करावा आणि म्हणावें, ‘ह्यावर शिवून दाखवा.’