वर्गातला प्रश्न गिळू नकोस

सोनू,

एम.एस्सी. संपायच्या आत दोन-तीन पेपर छापून यावेत म्हणून तू जागरणं करतेस आणि वर्गात काही अडलं तर 'बाकीच्यांना कळलं असेल' म्हणून गप्प बसतेस, असं ताईने सांगितलं. जागरणापेक्षा त्या गप्प बसण्याची मला जास्त काळजी वाटते.

संख्याशास्त्रज्ञ सी. आर. राव कलकत्त्याला एस्टिमेशन शिकवत होते तेव्हा पंचविशीच्या आतलेच होते. एस्टिमेटरचा व्हेरियन्स किमान किती राहतो, याबद्दलचा संख्याशास्त्रज्ञ फिशरचा एक निष्कर्ष त्यांनी सांगितला. तो निष्कर्ष नमुना खूप मोठा असतानाचा होता. एका विद्यार्थ्याने विचारलं, लहान नमुन्यासाठी हे का सिद्ध करत नाही? तो विद्यार्थी म्हणजे वि. म. दांडेकर, पुढे नीळकंठ रथांबरोबर भारतातल्या दारिद्र्याचा अभ्यास मांडणारे तेच. राव रात्रभर बसले आणि दुसऱ्या दिवशी वर्गात सिद्धता मांडली.

ती सिद्धता हाताने करून बघ. नाणं शंभरदा उडवलंस आणि छाप्याची खरी शक्यता निम्मी असेल, तर छाप्यांच्या प्रमाणाचा व्हेरियन्स 0.0025 येतो. कोणताही अनबायस्ड एस्टिमेटर घे, तिथे त्याच्या खाली जाता येत नाही. 'याहून चांगलं जमणार नाही' हे इतक्या ठामपणे सांगता येतं, याचं मला आजही अप्रूप वाटतं.

1945 साली कलकत्ता मॅथेमॅटिकल सोसायटीच्या बुलेटिनमध्ये हे छापून आलं. लेख अवघा अकरा पानांचा. ज्याला आपण राव-ब्लॅकवेल प्रमेय म्हणतो तेही त्यातच. ब्लॅकवेल स्वतंत्रपणे तिथे पोचले 1947 साली. लेखाला 78 वर्षं झाल्यावर, 2023 मध्ये, संख्याशास्त्राचं आंतरराष्ट्रीय पारितोषिक रावांना मिळालं. पेपरांची संख्या मोजणाऱ्यांना हे दाखव.

आणि डेटाच्या कामाला कारकुनी म्हणू नकोस. केंब्रिजच्या संग्रहालयात राव सुदानमधल्या जुन्या सांगाड्यांच्या मोजमापांवर काम करत होते. फिशरच्या हाताखाली त्यांची पीएच.डी. झाली ती त्याच काळात, 1948 साली. रावांची स्कोअर टेस्टही त्याच वर्षीची.

तो 1945चा लेख लायब्ररीतून काढ आणि दिवाळीपर्यंत दुसरं काही लिहू नकोस. जिथे अडशील ती ओळ सरांना भर वर्गात विचार. मग येताना वही घेऊन ये, आपण दोघं बसू.

तुझा,
मामा